बाबांच्या यादीतली मोकळी जागा

ती. आई,

ग्वाल्हेरहून अपूर्वचा नमस्कार. मी ठीक आहे, डबा वेळेवर येतो. अंतराताईकडे करमतं का? डोळ्यातून पाणी यायचं थांबलं का?

बाबा गेल्यावर त्यांची सिनेमावाली मंडळी गेल्या महिन्यात पहिल्यांदाच जमली, नई सडकवर विश्वासरावकाकांकडे. लाडक्या चिनी दिग्दर्शकाच्या सिनेमांना दरवर्षीसारखे नंबर द्यायचे होते. भांडणंही दरवर्षीसारखीच झाली. मग काकांनी बाबांची जुनी यादी काढली. सगळ्यांचे नऊ सिनेमे, बाबांचे आठच. एक जागा मोकळी.

मी विचारलं, तर काका म्हणाले, "बेटा, न पाहिलेल्याला नंबर द्यायचा नाही, हा त्याचाच नियम. म्हणायचा, हिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊ दे. खालची अक्षरं दिसायला लागली की हा सिनेमा दोघं मिळून बघू."

ती डीव्हीडी बाबांच्या कपाटात मिळाली. वेष्टनही फोडलेलं नाही. यादीसोबत पाठवतोय. सावकाश बघ. नंबर तूच घाल.

डॉक्टरांनी महिनाभर रडायचं नाही म्हणून बजावलं होतं ना? काल ऑपरेशनला महिना झाला, म्हणून आज लिहिलं.

तुझा,
अपू