मुदखेडचा हकीम आणि सरांचा महात्मा

१४ नोव्हेंबर, नांदेड

डोकं फिरलंय. लिहून टाकते, नाहीतर कुणावर तरी ओरडेन.

आज लातूरला गेले होते, देशपांडे सरांकडे. बी.ए.ला त्यांनीच इतिहास शिकवला. घरी येऊन बाबांना "पोरीला एम.ए. करू द्या" म्हणणारा तो एकच माणूस. आता ऐंशीचे झालेत. बारा वर्षं एकच ध्यास, थिऑसफी नावाच्या जुन्या गूढवादी पंथाचे गुप्त गुरू. हिमालयात लपून राहायचं आणि निवडक भक्तांना पत्रं धाडायची, असे ते महात्मे. ते खरे कोण होते हे जगभरचे अभ्यासक शोधून राहिलेत. कुणी म्हणतो राजा, कुणी सरदार, कुणी मोठा पंडित. सर म्हणतात, त्यातला एक आपल्याकडचा, गोदाकाठचा संन्यासी. पुरावा काय, तर निजामाच्या वेळच्या एका वकिलाच्या ट्रंकेत सापडलेली एकवीस उर्दू पत्रं.

सरांना उर्दू येत नाही. मला येते. बाबा निजामाच्या शाळेत शिकले, त्यांनी मला शिकवली.

वाचून दाखवली सगळी. संन्यासी-बिन्यासी कुणी नाही. लिहिणारा मुदखेडचा हकीम. प्रत्येक पत्राखाली सही आहे. वकील विचारतो, मेल्यावर माणसाचं काय उरतं. हकीम उत्तर देतो, काय सुंदर देतो, आणि खाली पोटासाठी काढा लिहून देतो. तीच वाक्यं वकिलानं पुढे 'महात्म्यांची वचने' म्हणून मराठीत छापली. शब्दाला शब्द.

सर म्हणाले, "म्हणजे हकीम निरोप्या होता. महात्म्यांचा पोस्टमन."

मी म्हटलं, सर, पोस्टमन स्वतःच्या सहीनं पत्र लिहितो का?

"सुजाता, पातळी बघ गं त्या विचारांची. काढे देणारा माणूस हे लिहील?"

पातळी. चहा तसाच ठेवून उठले. चाकूरपर्यंत गाडीत नुसती धुमसत होते.

१५ नोव्हेंबर

लेकीचा फोन. "आई, तू तर बुद्धवंदना म्हणणारी. तुझा या महात्म्यांवर विश्वास तरी हाय का? मग कशाला भांडतीस?"

महात्म्यांसाठी नाही भांडत. राजा चालतो. सरदार चालतो. ज्याचं नावगावही माहीत नाही तो साधू तर लईच चालतो. मुदखेडचा मुसलमान हकीम तेवढा चालत नाही.

बी.ए.ला मी पहिली आले तेव्हा स्टाफरूममध्ये एक प्राध्यापक म्हणाले होते, "वाघमारेच्या पोरीला पेपर कुणी लिहून दिला?" सर त्यांच्या अंगावर धावून गेले होते. मी दारात उभी होते, सगळं ऐकलं.

तेच हे सर. म्हणून जास्त लागलं.

२० नोव्हेंबर

मुदखेड. पॅसेंजरनं गेले. जुन्या बाजारात तीन ठिकाणी विचारलं, चौथ्यानं दुकान दाखवलं. हकीमसाहेबांचे पणतू, यूसुफभाई. स्कूटरचे सीट कव्हर शिवतात. मी पिशवीतून पत्रांच्या झेरॉक्सचे कागद काढले तसे मशीन थांबवून म्हणाले, "काय चौकशी हाय मॅडम? आमचे कागदं सगळे बराबर हायत."

म्हटलं, चौकशी नाही भाऊ, तुमच्या पणजोबांची पत्रं आहेत. मग खुर्ची दिली.

अर्ध्या तासानं घरातून एक वही आणली. फडक्यात बांधलेली. हकीमसाहेबांचे नुस्खे, कुठल्या दुखण्यावर काय द्यायचं. पहिलं पान उघडलं. तीच तिरपी घाईची लिपी, काफ या अक्षराची तीच लांब रेघ. मधेच, खोकल्याच्या औषधाखाली, श्वासाबद्दलचं ते वाक्य, जे वकिलानं महात्म्याचं म्हणून छापलं. आधी इथं लिहिलेलं! त्याच्या स्वतःच्या वहीत!

फोन काढला. यूसुफभाईंनी पानावर हात ठेवला.

"फोटो न्हाई."

समजावलं. जगातली माणसं ज्याला शोधून राहिलीत, तो तुमच्या घरातला. ते ऐकून घेत राहिले. मग म्हणाले, "मॅडम, महात्मा म्हणलं की धा लोकं नारळ घेऊन येतील, वीस लोकं दगड घेऊन येतील. मला पोरगी हाय, दुकान हाय. पणजोबा नमाजी माणूस होते, दवा देत होते. तेवढंच ऱ्हाऊ द्या."

मी म्हटलं, अहो, त्यांचं नाव पुसून टाकून राहिलेत!

"कुठून? आमच्या घरात तर हाय."

परतीच्या गाडीत आधी त्यांच्यावर चिडले. एवढा पुरावा आणि फडक्यात बांधून ठेवायचा! मग स्वतःवर. न विचारता फोन काढला होता मी. जणू वही माझीच.

१ डिसेंबर

सरांच्या पुस्तकाची मुद्रितं आली. प्रस्तावनेत: 'उर्दू वाचनाच्या कामी श्रीमती वाघमारे यांचे साहाय्य झाले.' हकीम कुठे? शोधला. पान १४३, तळटीप: 'पत्रे पोचविणारा एक स्थानिक इसम.'

इसम!

एकवीस सह्या आहेत माणसाच्या. एकवीस.

फोन लावला. म्हटलं, सर, माझं नाव काढा. "वेडी आहेस का? पुस्तक पुढच्या आठवड्यात छापायला चाललंय." म्हटलं, मग हे ऐका, आणि एकोणिसावं पत्र फोनवरच वाचलं. इथं उतरवून ठेवते, मराठीत:

'वकीलसाहेब, कानावर आलं की लोकांना तुम्ही सांगता, हे पहाडातल्या एका गुप्त पुरुषाचं ज्ञान आहे. मैं कहीं छुपा नहीं हूँ. बाजाराच्या रस्त्यावर दुकान आहे, फक्त जुम्म्याला बंद असतं. तुम्ही स्वतः कधी आला नाहीत. दर वेळी नोकर पाठवता.'

सर म्हणाले, "हे तू आधी का नाही वाचून दाखवलंस?"

चौदा तारखेला दाखवलं होतं! समोर बसून! तेव्हा सर चष्मा पुसत होते. हे मी ओरडून सांगितलं. चाळीस वर्षांत सरांवर आवाज चढवला नव्हता. फोन त्यांनी ठेवला की मी, आठवत नाही.

२ डिसेंबर

बी.पी.ची गोळी विसरले. मुद्रितं परत पाठवली. माझ्या नावावर लाल पेनानं रेघ. इतकी दाबून की कागद फाटला.

९ डिसेंबर

सरांचा फोन नाही. मीही करणार नाही. पुस्तक छापायला गेलं असेल.

वहीबद्दल मी सरांना अजून एक अक्षर बोलले नाहीये. सांगितलं तर यूसुफभाईंचा शब्द मोडतो. नाही सांगितलं तर इसम इसमच राहतो. कुणी सांगा मला, काय करू.

नाही सांगता येत, तर निदान चिडू तरी द्या.

१३ डिसेंबर

यूसुफभाईंना फोन केला. माफी मागितली, फोटोबद्दल. आणि विचारलं, वही आहे एवढं तरी माझ्या सरांना सांगू का? मशीन चालवता चालवताच म्हणाले, "सांगा. पण गाव नका सांगू सगळ्या दुनियेला."

लगेच सरांना पोस्टकार्ड टाकलं. चारच ओळी. हकीमच्या घरी वही आहे. त्याच हातची आहे. छापलेली वाक्यं तीत आहेत. मी पाहिली आहे.

१८ डिसेंबर

सरांचा फोन. नमस्कार नाही, काही नाही. "छपाई थांबवलीय. प्रेसवाला ओरडून राहिलाय. मला ती वही बघायचीय, सुजाता. मुदखेडला ने."

म्हटलं, सर, तिथं हकीमच निघाला तर?

"तर माझी बारा वर्षं गेली. आणि नाही निघाला तर तू माझी माफी मागशील."

अजून! अजून त्यांना वाटतं, नाहीच निघणार. म्हटलं, आधी विचारावं लागेल त्यांना. सर म्हणाले, "विचारायचं काय त्यात?" म्हटलं, विचारते आणि कळवते. आणखी बोलले असते तर मी पुन्हा ओरडले असते. पण ऐंशी वर्षांचा माणूस, गुडघे गेलेले, एस.टी.नं यायला तयार आहे, हेही खरं.

१९ डिसेंबर

सकाळीच यूसुफभाईंना लावला. म्हटलं, ते माझे म्हातारे मास्तर आहेत ना, त्यांना हकीमसाहेबांची वही बघायचीय.

त्यांनी मशीन थांबवलं असावं, आवाज बंद झाला.

"बघायला येतेत का न्यायला?"

म्हटलं, विचारून सांगते.