लाल दिसेल ते फोडणीत

२४ सप्टेंबर १९७३, सोमवार
माणसानं या घरात पाय ठेवायचा तरी कुठं? खाटेवर कार्डं, जात्यावर कार्डं, माझ्या अंथरुणावर कार्डं. सून कारखान्यातलं काम घरी आणते अन् सासूनं भिंतीला चिकटून बसायचं. तक्रार लिहून झाली. आता वहीला श्री घालते.

पुष्पा, म्हणजे माझ्या मच्छिंद्रची बायको, नागापूरला कारखान्यात पंचिंगला आहे. मशीनवर बसून कार्डांना भोकं पाडते. ती कार्डं टेम्पोनं पुण्याला जातात. तिथलं मोठं मशीन भोकं वाचून पगार, हजेरी, मालाचा हिशेब छापून देतं. भोकं पाडायला पगार. आमच्या घरातले उंदीर हेच काम फुकट करतात.

२५ सप्टेंबर
भानगड समजली. काही कार्डं मशीनला हुकूम देणारी असतात. पगाराची वेगळी, हजेरीची वेगळी, मालाची वेगळी. पण निम्मी कार्डं तिन्ही कामांना तीच लागतात. पुष्पा दर वेळी एकेक शोधून गठ्ठा लावते, काम झालं की मोडते, परत लावते. तिचा राधाकृष्ण साहेब म्हणाला, एकदाच बांधून ठेव, कुठल्याही कामाला उचलून जोडता येतील असे गठ्ठे कर. दिवाळीआधी जमलं तर पर्मनंट. नाही तर घरी. मच्छिंद्र लष्कराच्या छावणीत हंगामी कामाला, आज आहे उद्या नाही. चूल पुष्पावर पेटते. हे मी तिच्यासमोर कधी म्हणत नाही.

मी दुसरी पास. पण अक्कल काय शाळेत वाटतात? फोडणीचा डबा पुढ्यात ठेवला. म्हटलं, वांगं असो, गवार असो, मोहरी-जिरं-हळद तीच ना? सगळ्यांना लागणारी कार्डं ती फोडणी. बाकीची ती भाजी.

२८ सप्टेंबर
पुष्पा फोडणीतल्या कार्डांची यादी करत बसली. म्हटलं, यादी कशाला? नवीन कार्ड आलं की यादी चुकली. नियम कर. फोडणीच्या कार्डाला कडेवर लाल रेघ मारायची, अन् कार्डांच्या डब्यातनं लाल दिसेल ते उचलायचं. नवीन आलं, रेघ मारली, आपोआप गठ्ठ्यात.
पुष्पा म्हणाली, आत्या, लई भारी. पण चुकलेली जुनी कार्डं बी त्याच डब्यात हायेत. त्यांचा कोपरा कापू, अन् नियमात म्हणू, कोपरा कापलेली सोडून.
म्हटलं, त्यांना रेघच नाही, ती लाल होतील कशानं? एवढं चांगलं जाड कार्ड, मागं वाणसामान लिहिता येतं. कापायचं नाही.
तिनं कात्री ठेवून दिली. सासू मी आहे.

३ ऑक्टोबर
चाचणी झाली. मालाचा हिशेब एका दमात छापून आला. साहेब खूश. पुष्पानं सांगितलं, नियम आमच्या आत्यांचा.
संकल्प : बढाई मारायची नाही.
संध्याकाळपर्यंत नळावर सांगितलं, गिरणीत सांगितलं, शेजारच्या मुबारकबीला दोनदा सांगितलं. ती म्हणाली, रतनबाई, पर्मनंट कोन होनार, सून का तू? जळते.

५ ऑक्टोबर, खंडेनवमी
विळी, कोयता, सुई, मच्छिंद्रचा पाना, सगळ्यांची पूजा केली. मग मनात आलं, हे घर चालतं कशावर? कार्डांचा डबा पाटावर घेतला. पुष्पा नातीला घेऊन माहेरी तिसगावला गेलेली, विचारायचं कुणाला? कुंकू ओलं केलं अन् सगळ्या कडांवरनं पाच बोटं ओढली. चांगल्यांना लावायचं अन् चुकलेल्यांना नाही, असा दुजाभाव देवापुढं मला जमत नाही. डबा कसा सवाष्णीसारखा दिसतो.

८ ऑक्टोबर, सोमवार
पुष्पा काल परतली ती नातीचा ताप घेऊनच. सकाळी टेम्पो दारात, हजेरीचा गठ्ठा द्यायचा. म्हटलं, तू पोरीला बघ, फोडणी मी काढते. लाल दिसेल ते काढलं. दोरी पुरेना. इतकी कार्डं कशी, असं थोडं मनात आलं. थोडंच. नाडी जोडून बांधलं, पेपरात गुंडाळून दिलं.
रेघ कुठली अन् कुंकू कुठलं हे बघायला चष्मा लागतो. चष्मा मच्छिंद्रनं अजून आणलेला नाही.

१२ ऑक्टोबर
पुण्याचा कागद आला. सबंध सप्टेंबर सगळा कारखाना गैरहजर. वॉचमनपासून मॅनेजरपर्यंत. राधाकृष्ण साहेबसुद्धा. चुकलेली कार्डं फोडणीत गेली म्हणे. वर मशीनच्या पोटात तांबडं अडकलं. दिवाळीचा बोनस लटकला. कामगार पुष्पाला म्हणाले, बाई, आमी न्हवतो तर ही मशिनं काय भुतांनी चालवली?
पुष्पानं एक कार्ड घरी आणून माझ्यापुढं ठेवलं. ओरडली असती तर मला उलट बोलायला तोंड होतं. साहेबाला तिनं सांगितलंय, गठ्ठा मीच बांधला.
जेवण गेलं नाही. भाकरी तेवढी खाल्ली.

१३ ऑक्टोबर
मुबारकबी म्हणाली, सुनेच्या पोटावर पाय दिलास, आता जा अन् सांग त्या साहेबाला. म्हटलं, पूजा केली, चोरी नाही केली. म्हणाली, मग सांगायला काय होतं?
संकल्प : सोमवारी जाते. अजिबात हयगय नाही.

१५ ऑक्टोबर
एस.टी. भरलेली होती. स्टँडावर गेले नव्हते, पण भरलेलीच असणार.

१६ ऑक्टोबर
लुगडं वाळलं नाही.

१७ ऑक्टोबर
वाळलं. पण पाय दुखतो. पुष्पानं न विचारता तेल चोळून दिलं. डावा सांगायचा का उजवा, आयत्या वेळी सुचेना.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
गेले. सगळं पाठ केलेलं : कुंकू मी लावलं, गठ्ठा मी बांधला, पोर निर्दोष आहे.
साहेबानं खुर्ची दिली, चहा मागवला. म्हणाला, आजी, नियम एक नंबर. फक्त वगळायचं काय, ते नियमात हवं होतं. मॅनेजरसाहेबांना तुमचं नाव सांगणार आहे मी. पण हे कुंकू कुणाचं?
पुष्पा दाराशी उभी होती. मी तोंड उघडलं. म्हटलं, नियम माझाच. कुंकवाचं काय सांगू साहेब, हल्लीच्या पोरींना पोच नाही.
चहा गोड होता. तेवढा प्याले.
पर्मनंट आता मार्चनंतर बघू म्हणाला. येताना एस.टी.तनं उतरताना पुष्पानं हात दिला. मी धरला.

२० ऑक्टोबर
पुष्पा पहाटेपासून कार्डांचे कोपरे कापते आहे. मी चहा केला, तिनं घेतला, आत्या, साखर पुरे म्हणाली. एवढंच.
माझं मलाच लिहून ठेवते. सोमवारी पुन्हा जायचं. खुर्चीवर बसायचं नाही, चहा घ्यायचा नाही. साहेबानं कुंकवाचं विचारलं की खरं उत्तर रतनबाईनं द्यायचं. पुष्पानं मधे एक अक्षर बोलायचं नाही.