अण्णांनी शेवटी काय ऐकलं

उदगीर,
रविवार, ता. ८ मे २०१६

सकाळी नळ आला नाही. साडेदहाला टँकर आला, सहा घागरी मिळाल्या. दुपारी मंडळाची बैठक झाली. साडेतीनला घरी आलो, चहा करून घेतला आणि मग लिहायला बसलो.

ती. बसवंतअप्पा भाऊजींना गुरुलिंगचा शरणार्थ. तुमच्या गुडघ्याला आता उतार असेल असं धरून चालतो. आक्काला सांगा, अण्णा गेल्यापासून पहिल्यांदाच उमादेवी वहिनी पंधरा दिवसांसाठी औशाला माहेरी गेल्या आहेत, आणि मी उपाशी नाही. नांदेडला पाण्याचं कसं आहे ते कळवा. लातूरला रेल्वेने पाणी येतंय हे तुम्ही पेपरात वाचलंच असेल. आमच्याकडे पाणी येत नाही, त्यामुळे पेपरातही येत नाही.

अण्णांना जाऊन आज सत्तेचाळीस दिवस झाले. तुम्ही त्या दिवशी होता. समाधीचा खड्डा घ्यायला सकाळपासून दुपार झाली होती, जमीन इतकी वाळली होती, हे तुम्ही पाहिलंच आहे. त्यानंतरचं मात्र तुम्हाला कोणी कळवलं नसणार. ते मी पहिल्यापासून लिहितो, कारण पत्र आक्काही वाचेल, आणि तिला अजून वाटतं की आपलं मंडळ भजनी आहे.

(आक्का, ते भजनी नाही. अण्णा मिलची तूरडाळ घेऊन ट्रकबरोबर मद्रासला जायचे. येताना तिथल्या सिनेमाच्या कॅसेटी आणायचे. त्या सिनेमांचे संगीतकार अरुळमणी मास्तर. त्यांची गाणी ऐकायला डाळीच्या धंद्यातले चार-पाच जण दर रविवारी गुरुबसप्पाच्या आडतीच्या माडीवर जमतात. तमिळ कोणालाही येत नाही. अण्णांना यायचं, पण तेही डाळीचा भाव ठरवण्यापुरतंच. मी तिथे तीस वर्षं चहा द्यायला आणि कॅसेट उलटायला जात होतो. गाण्यातलं मला काही कळत नाही. मला ती सगळी सारखीच वाटतात.)

तर मास्तर आता पंच्याहत्तरीचे आहेत, आणि मार्चमध्ये त्यांची नवीन गाणी आली. सुगीचं वर्ष असतं तर कोणाला भांडायला वेळ मिळाला नसता. पण यंदा तूरच नाही. मिल बंद, आडत बंद, आणि माणसं रिकामी. त्यामुळे रविवारची बैठक रोज भरू लागली.

गुरुबसप्पा मास्तरांच्या बाजूचा. त्याचं म्हणणं, "जुनी तूर हाय बाबा. शिजायला टाइम लागतो." त्यावर आपले शेषेराव, ज्यांनी डाळीची प्रत ठरवण्यात जन्म घालवला, ते म्हणतात, "चार शिट्ट्या झाल्या की! दाणा अजून कच्चाच हाय. आन् वरून पॉलिश मारलंय." दगडोबा मापारी कोणाच्याच बाजूचा नाही. तो एकदाच बोलला, "मला तर पेटी वाजवणारा दुसराच कुणी वाटायलाय." त्यावर दोघेही त्याच्या अंगावर धावून गेले.

अशा वेळी आपला रिवाज तुम्हाला माहीत आहे. आडतीत भाव करतात तसं अण्णा हातावर रुमाल टाकायचे. एकेकाने रुमालाखाली हात घालून त्यांची बोटं दाबायची. पाच म्हणजे उत्तम, एक म्हणजे भिकार. अण्णा फक्त बेरीज सांगायचे. कोणी किती दाबली हे त्यांनी कधी कोणाला सांगितलं नाही, वहिनींनाही नाही. पण या खेपेला अण्णाच नव्हते, म्हणून बोलणं वाढत गेलं. आणि त्यात मी तोंड उघडलं. मी सहसा बोलत नाही. बोललो की असं होतं.

झालं असं की, अण्णांचे शेवटचे चार दिवस मी त्यांच्याजवळ होतो. त्यांनी नवीन गाणी मागितली. मी मोबाईलच्या दुकानात जाऊन कार्डात गाणी भरून आणली आणि लहान डबा स्पीकर त्यांच्या उशाशी लावला. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. मग म्हणाले, "गुरू, जीव गार झाला रे. मास्तर मास्तरच हाय." दुसऱ्या दिवशी ते गेले. हे मी एका रविवारी, चहा देता देता, सांगून बसलो.

गुरुबसप्पाने ते उचललं. तो उदगीर जिल्हा कृती समितीतही आहे. त्याचं म्हणणं, आज ना उद्या जिल्हा होणारच, मग आपलं मंडळही जिल्हा पातळीचं होईल, तेव्हा आत्ताच मतभेद मिटवले पाहिजेत. ते मिटवण्यासाठी त्याने समितीच्या कापडी फलकाच्या मागच्या बाजूला रंगवून घेतलं : 'मास्तर मास्तरच आहेत. - लिंगैक्य वीरण्णा'. फलक चौकात लागला. लातूरकडून येणाऱ्याला जिल्ह्याची मागणी दिसायची आणि जळकोटकडून येणाऱ्याला अण्णांचं मत.

शेषेराव मात्र फलक पाहून तीन दिवस आले नाहीत. चौथ्या दिवशी आले, चहा घेतला नाही, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वीरण्णाचा कान शेवटाला गेला व्हता. दुखण्यानं जातो कान. आता मला तर वाटायलंय, मागं त्यानं केलेली पारख तरी खरी व्हती का न्हाई."

भाऊजी, त्यानंतर मला जेवण गेलं नाही. अण्णांनी आयुष्यात जमवलं काय, तर तो कान. घर वडिलांचं, मिल दुसऱ्याची. गुरुबसप्पाचं खरं मानलं तर ही गाणी चांगली असायला हवीत, आणि ती चांगली नाहीत हे त्याच्या ओरडण्यावरूनच कळत होतं. शेषेरावांचं खरं मानलं तर माझा भाऊ जाण्याआधीच निम्मा गेला होता, आणि जवळ बसून मला ते कळलं नाही. तिसरं काही असेल असं मला सुचलं नाही.

आज गुरुबसप्पाने निरोप पाठवला की अण्णांचं कार्ड घेऊन ये, सगळ्यांसमोर वाजवू, त्यांनी ऐकलं तसंच ऐकू, म्हणजे निकाल लागेल. स्पीकरचा डबा मी त्या दिवसापासून कपाटात ठेवला होता. तो काढला, पुसला आणि माडी चढलो. गुरुबसप्पाने बटण दाबलं.

पहिली सनई वाजली आणि तिघेही एकमेकांकडे बघायला लागले. शेषेरावांनी चष्मा काढला. दगडोबा म्हणाला, "हे तर आपलं पहिल्या ट्रकाचं हाय."

मला काही कळेना. मग दगडोबानेच समजावलं. हे गाणं सत्त्याऐंशीचं. मद्रासहून अण्णांनी आणलेल्या पहिल्या कॅसेटवरचं. पुढचंही तेच, त्याच्या पुढचंही. सगळं कार्ड जुनं. दुकानदाराकडे मास्तरांच्या नावाचं जे काही होतं ते त्याने भरून दिलं, आणि मी नवीन समजून घेऊन आलो. गंमत बघा, ती कॅसेट मी स्वतः शेकडो वेळा उलटली असेल.

मला वाटलं, आता हे मला जिन्यावरून ढकलतात. तर शेषेराव उठले आणि त्यांनी मला मिठीच मारली. "वीरण्णाचा कान शाबूत व्हता रे," एवढंच म्हणाले. गुरुबसप्पाचा साक्षीदारच गेला होता, तरी तोही डोळे पुसत म्हणाला, "चांगलं झालं. त्यानं ते नवीन ऐकलंच न्हाई. सुटला." (मास्तरांची बाजू लढवणाऱ्या माणसाचं हे बोलणं आहे, पण त्या वेळी कोणी त्याला धरलं नाही.) मग तीस वर्षांत पहिल्यांदा त्याने मला चहा करून दिला.

अण्णांना काय ते पहिल्या सुरातच कळलं असणार. बोलले नाहीत. मी उन्हात दुकानापर्यंत जाऊन आलो होतो म्हणून बोलले नसतील, किंवा त्यांना तेच हवं असेल. आता ते विचारता येत नाही, पण न विचारताही चालेल असं वाटतंय. आज कितीतरी दिवसांनी छाती मोकळी आहे.

शेवटी नवीन गाण्यांचा निकाल लावायचा म्हणून त्यांनी अण्णांचा रुमाल माझ्याच हातावर टाकला. मी नको म्हणालो. दगडोबा म्हणाला, "तूच बरा. तुला गाण्यातलं कळत न्हाई आन् तू बोलत न्हाईस." बेरीज सात आली. मी सांगितली. सगळे मान हलवत उतरले. फलकाची मागची बाजू उद्या धुवायची ठरली होती, पण पाणी नाही म्हणून पावसाळ्यापर्यंत राहील.

आक्काला माझा नमस्कार. गुडघ्याला तेल लावत चला.

तुमचा,
गुरुलिंग

ता. क. : रुमालातलं सांगू नये हे मला कळतं, पण पोटात राहत नाही. गुरुबसप्पाने एक बोट दाबलं. शेषेरावांनी चार. दगडोबाने दोन. बेरीज ऐकून ते दोघे दगडोबाकडे असे पाहायला लागले, जणू त्याने काट्यात पाप केलं. हे वाचून झालं की पत्र फाडा.

दुसरा ता. क. : मला दाबायला कोणाची बोटं नव्हती, म्हणून तुम्हाला कळवतो. घरी आल्यावर ती नवीन गाणी मी शेषेरावांनी दिलेल्या कार्डावर एकट्याने ऐकली. तिसरं मला आवडलं. चार वेळा लावलं. आक्कालाही सांगू नका.

तिसरा ता. क. : खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं. तुम्हीही एकेकाळी मंडळात बसलेले, तेव्हा मास्तरांची गाणी पहिल्यापासून कोणत्या क्रमाने ऐकावीत, याची एक यादी पोस्टाने पाठवा. फोन करू नका, माझा फोन गुरुबसप्पा उचलतो. अण्णांना विचारायचं तीस वर्षं राहून गेलं. अक्षर मोठं काढा. आता थांबतो. उद्याच्या भाकरीला पीठ नाही. दिवस मावळायच्या आत खिडकीशी बसून दोन पायली ज्वारी निवडून घेतो.