ओट्सचा ट्रे आणि माझी नमुना तपासणी

३ मार्च, सोमवार
बायकोला वॉर्डची इन्चार्ज सिस्टर करताहेत. कायमची सकाळची शिफ्ट. हो की नाही, ते शनिवारपर्यंत मेट्रनला लेखी द्यायचंय.

मागे एकदा हीच संधी आली होती. तेव्हा लेक लहान, मी सारखा फिरतीवर. बायकोने नाही म्हटलं. मग तिच्याच हाताखाली शिकलेली मुलगी तिच्या डोक्यावर येऊन बसली. बायकोने हे कधी बोलून दाखवलं नाही, म्हणून मला जास्त लागतं.

आता अडचण एकच, नाश्ता. ती उजाडायच्या आत निघणार. अप्पांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, गोळीआधी पोटात काहीतरी लागतं. लेकीची शाळेची बस कोणासाठी थांबत नाही. मी म्हटलं, माझ्यावर सोड. बेक्ड ओट्स! रविवारी एक ट्रे भाजायचा, फ्रीजमध्ये टाकायचा, रोज वड्या कापून गरम करायच्या. इतकं सोपं आहे. बायको माझ्याकडे नुसती बघत राहिली. कौतुक वाटलं असणार.

४ मार्च, मंगळवार
ओट्स आणले. दुकानदार म्हणाला, चपटे हवेत की तुकडा? म्हटलं, दणकट असतील ते द्या.

रेसिपीत होतं, ओव्हन आधी तापवून घ्या. घेतला. आत प्लास्टिकचे डबे ठेवलेत हे मला कोणी सांगायचं? या घरात ओव्हनचं कपाट झालंय! झाकणं वितळून जाळीवरून खाली ओघळली. सगळे खोकून बेजार. बायको सुरीने प्लास्टिक खरवडत बसली.

खरं तर मी कारखान्यात तपासनीस. बंद खोक्यावर विश्वास ठेवायचा नाही, हा आमच्या खात्याचा पहिला नियम. आज नेमकं उघडून पाहिलं नाही आणि घात झाला. यापुढे उघडूनच बघणार.

५ मार्च, बुधवार. संध्याकाळी
पहिला ट्रे. ओट्स, दूध, केळी, दालचिनी, दोन अंडी. ओव्हनचं दार सारखं उघडून लक्ष ठेवलं. लेक (हिला मी वकीलबाई म्हणतो, वादात हरत नाही) म्हणाली की बाबा, दार उघडलं की आतली सगळी गरमी जाते. तिला सांगितलं, न बघता माल पास करणारे पुढे रडत बसतात. नियमाप्रमाणे चार कोपरे आणि मधोमध नमुने काढले.

वरून बरा होता. आत दूध. ओट्स खडीसारखे. अप्पांनी एक चमचा तोंडात घेतला, कवळी धुऊन येतो म्हणून उठले ते आलेच नाहीत. वकीलबाईने विचारलं, ग्लास आणू का.

ओव्हन मंद आहे.

ता. क. कचऱ्यात अंड्याची टरफलं जास्त दिसली. अप्पा चोरून खातात वाटतं. माझ्या नजरेतून काही सुटत नाही, हे त्यांना अजून कळलेलं नाही.

७ मार्च, शुक्रवार
काल कामावर उशीर झाला, तो दिवस धरायचा नाही.

आज आच वाढवली. दार उघडून गरमी जाणार असेल तर जास्तीची भरून ठेवायची, साधा हिशोब. वरचा थर कोळसा. आत अजूनही ओलं. धूर असा की शेजारीण दार वाजवून विचारून गेली, सगळे ठीक आहात ना. अप्पा टॉवेलने वारा घालत होते आणि माझ्याकडे बघणं टाळत होते.

बायको आतल्या खोलीत युनिफॉर्मला इस्त्री करत होती. मी दारात जाऊन म्हटलं की उद्या शेवटचा दिवस. ती म्हणाली, हो. म्हटलं, काय लिहून देणार? ती म्हणाली, बाजूला हो, वायर अडकतेय.

जेवण गेलं नाही. या एका ट्रेपायी तिने परत नाही म्हटलं तर? तोंड कुठे लपवू?

तरी बघू. ट्रेचा दोष असेल. उद्या काचेचा घेतो.

८ मार्च, शनिवार
दिवसभर कारखान्यात लक्ष नव्हतं. एक खोकं न उघडताच पास केलं. संध्याकाळी बायको आली, चप्पल काढली, पाणी प्यायली. मी रिकामा ग्लास घ्यायला हात पुढे केला. म्हणाली, दिलं लिहून. हो म्हणून.

हुश्श! शेवटी तिने माझा प्रयत्न बघितला. निकाल नाही बघितला, प्रयत्न बघितला. डोळ्यात पाणी आलं, कांदा चिरतोय असं सांगितलं. कांदा हातात नव्हता.

९ मार्च, रविवार
अखेरचा ट्रे. वकीलबाईच्या हट्टाखातर चपटे ओट्स. ओव्हनच्या काचेतून आतलं नीट दिसत नव्हतं, म्हणून दार उघडावंच लागलं, पण कमी वेळा. रंग सोनेरी! नमुने काढून काढून मध्ये जरा खड्डे पडलेत, चव मात्र जमलीय असं माझं मत. इतर कोणी मत दिलं नाही. फॉइल लावून फ्रीजमध्ये ठेवला.

घड्याळाला गजर लावला. दोनदा तपासला. बायकोला म्हटलं, तू निर्धास्त जा. ती म्हणाली, मी निर्धास्तच आहे.

१० मार्च, सोमवार
गजर झाला नाही.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीच्या आत. ताडकन उठलो, अप्पांची गोळी, बस, सगळं एकदम डोळ्यापुढे. ओरडत स्वयंपाकघरात गेलो. कोणी नाही. ओट्यावर धुतलेल्या दोन ताटल्या, उपडा पॅन. अप्पा गॅलरीत पेपर वाचत होते. म्हणाले की गोळी झाली, पोरगी बसला वेळेवर गेली, अंडं-ब्रेड छान करते हल्ली, आठवडाभर सराव चाललाय आमचा.

टरफलं.

फ्रीज उघडला. ट्रे तसाच, फॉइलची घडीही मोडलेली नाही.

बायकोला फोन लावला. वॉर्डच्या गडबडीत होती. विचारलं, गजर कसा झाला नाही? म्हणाली, मी जाताना बंद केला. पहिल्याच दिवशी धोका नको होता. मी म्हटलं, आणि मी ओट्स केले नसते तर तू हो म्हटलं असतंस का? ती म्हणाली की मेट्रनला तोंडी हो तिने गेल्या सोमवारीच सांगितलं होतं, घरी यायच्या आधी. शनिवारी फक्त कागद दिला. मग मला आठवडाभर का करू दिलंस, विचारलं. तर म्हणाली, तू इतका मनापासून करत होतास, थांबवणार कोण? आणि पोरीने टेबलावर तुझी ताटली झाकून ठेवली असेल, गार व्हायच्या आत खा.

वाईट वाटलं. खूप वाटलं. मग ताटलीवरचं झाकण उचललं.

चार कोपरे आणि मधोमध तपासलं. कुठे खोट काढण्यासारखं काही नव्हतं. सगळं संपवलं, ताटली धुऊन त्या दोन ताटल्यांच्या शेजारी उपडी ठेवली.