लेकीच्या घरची टिनं

मुक्काम जानेफळ,
अधिक ज्येष्ठ वद्य पंचमी

देऊळघाट मुक्कामी शेषरावजी व्याही यांच्या पायरीशी जानेफळच्या निवृत्तीचा मान लववून रामराम. आपली कंबर आता कशी आहे? विहीणबाईंच्या डोळ्यांना त्या थेंबांनी गुण आला का? (थेंब थंड जागी ठेवायचे असतात, चुलीवरच्या फळीवर नाही. मागच्या खेपेला मी ते पाहिलं आणि बोलायचं राहून गेलं, तेव्हापासून मनाला लागून आहे.) म्हैस व्याली असल्यास कळवावं. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत. मधल्या खोलीतून आभाळ दिसतं, एवढं सोडलं तर देवानं काही कमी केलेलं नाही.

आशा आणि जावईबापू शनिवारी तिकडे पोचतील. आमच्या छपराची हकीकत आपण त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी माझ्या हातची वाचावी, म्हणून ही घाई. जावईबापू सांगतील ते खरंच सांगतील, पण ते हसत सांगतील. ही गोष्ट हसण्यासारखी नाही.

झालं असं. लग्नानंतरचा पहिलाच अधिक महिना, जावई धोंड्याच्या जेवणाला येणार, म्हणून गोजरबाईनं घर डोक्यावर घेतलं होतं. अनारशांचं पीठ झालं, भिंती सारवून झाल्या, आणि मग तिची नजर न्हाणीवर गेली. आमची न्हाणी म्हणजे कपाशीच्या पऱ्हाटीच्या तट्ट्यांचा आडोसा आणि खाली एक डुगडुगणारा दगड. मी जन्मभर त्यावरच आंघोळ करत आलो, मला त्याचा स्वभाव माहीत आहे. पण जावई त्यावरून घसरला तर? कंबर मोडली तर? शिवाय त्याच्या वडिलांची, म्हणजे आपली, कंबर आधीच दुखते, म्हणजे घराण्यातच असणार. असं मनात आलं आणि मला जेवण जाईना. सपाट, जड, न हलणारे दगड आमच्याकडे एकाच ठिकाणी होते, ते म्हणजे छपरावर. वाऱ्यानं टिनं उचलू नयेत म्हणून माझ्या वडिलांनी ते पारखून ठेवले होते. मी उकंडरावाची शिडी आणली (उकंडराव म्हणजे आमचा शेजारी, त्याचं नाव पुढे येणार आहे) आणि दगड खाली उतरवले. पाहुणे गेले की परत चढवू म्हटलं. आभाळात तेव्हा औषधालाही ढग नव्हता.

जावईबापू त्या दगडांवर बसून तोंडाला साबण लावत असताना वादळवाऱ्याचं वावधन उठलं. आधी न्हाणीचे तट्टे गेले. मी मधल्या खोलीत होतो. वर पाहतो तर टिनं तेलात सोडलेल्या पापडांसारखी फुगून आली, एकदा खाली बसली, आणि मग एकामागून एक निघून गेली. त्या गडबडीत मी बाहेर धावलो. जावईबापू जागचे हलले नव्हते. कसे हलणार? डोळ्यांत साबण, भोवती तट्टा नाही आणि समोर विहिरीवर बाया उभ्या. शेवटी गोजरबाईनं मान वळवून, अंदाजानं त्यांच्यावर घोंगडी फेकली. (दगड मात्र फार चांगले निघाले. एवढ्या वादळात जरासुद्धा हलले नाहीत.)

आता विम्याकडे येतो, कारण मूळ दुखणं तेच आहे. जावईबापू अकोल्याच्या कंपनीसाठी विमे उतरवतात हे मी आपल्याला काय सांगावं. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला त्यांनी मला विचारलं. मी दचकलो. (यमाला आपला पत्ता आपणच कशाला लिहून द्यायचा?) तर म्हणाले, जिवाचा नाही मामाजी, घराचा, आग, वीज, वादळ. मी ताबडतोब हो म्हटलं. खरं सांगतो शेषरावजी, मला वाटलं हे सगळं लाजेपोटी आहे. हल्लीच्या शिकलेल्या जावयांना दिवाळीचा मान तोंडानं मागवत नाही, म्हणून त्यांनी ही रीत काढली असेल. आपण पैसे द्यायचे, त्यांनी छापील कागद द्यायचा, दोघांची अब्रू राहते. म्हणून दोन्ही दिवाळ्यांना मी हप्ता ताटात ठेवून, वर सुपारी ठेवून, जावईबापूंना कुंकू लावून दिला. तेही वाकून घेत आले. ते पैसे वेळ पडली तर उलट आपल्याकडेही येतात, हे मला परवा, त्या उघड्या खोलीत कळलं.

अनारसे खाऊन झाल्यावर जावईबापूंनी पिशवीतून भरपाईचा अर्ज काढला. म्हणाले, ‘सही करा मामाजी. साहेब येईन, पाह्यन, पैसे भेटतीन.’ कोणाचे पैसे, मी विचारलं. ‘कंपनीचे.’ आता कंपनी म्हणजे कोण? ती अकोल्याला राहते म्हणतात, मी काही तिला पाहिलेलं नाही. मी पाहिले ते जावईबापू. देणारा हात त्यांचा, म्हणजे पैसे आपल्या घरचे, म्हणजे आशाच्या घरचे. नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी प्यायचं नाही, ही आमच्या घराण्याची रीत. आपल्याकडे येतो तेव्हा मी फिरकीचा तांब्या बरोबर आणतो आणि विहीणबाई पदराआड हसतात, हे मला माहीत आहे. गोजरबाई तर दाराआडून कडाडलीच, ‘अजून लेकीच्या घरचं पानी पेलो नाही आपन, अन् तिच्या घरच्या टिनाखाली निजाचं काय जी?’ जावईबापूंनी हात जोडले. ‘मामीजी, थे पैसे माये नाहीत. माया बापाचेही नाहीत.’ त्यावर ती म्हणाली, ‘तं मंग बिनबापाचे पैसे आमाले नको.’

त्यात उकंडराव येऊन बसला. आमचं एक टिन उडून त्याच्या आवारात पडलं, त्याखाली त्यानं वासरू बांधलं आहे. मी मागायला गेलो तर म्हणाला, ‘आभायातून पडलं थे देवाचं.’ तोच माणूस आमच्या ओसरीवर बसून मला शहाणपण सांगू लागला. ‘घे ना बे निवरत्ती! तुले भेटले तं मी उतरवतो, सारी आळी उतरवते. तुले नाही भेटले तं ह्या गावात तुया जावयाच्या कागदात कोनी भजेबी बांधनार नाही.’ जावईबापूंचा चेहरा उतरला. जानेफळात विमा घेतलेला मी एकटाच आहे. सगळं गाव आमच्या छपराकडे, म्हणजे छपराच्या जागेकडे, पाहत बसलं आहे.

शिवाय अर्जावर एक प्रश्न आहे, छपराची नीट काळजी घेतली होती काय? जावईबापूंनी तो मोठ्यानं वाचला, न्हाणीकडे पाहिलं आणि पेनाला टोपण घातलं. मी म्हटलं, खरं तेच लिहा. दगड होते, जावई येणार म्हणून काढले. तर म्हणाले, ‘असं लेहलं तं साहेब मलेच हासन, मामाजी.’ लिहावं तर जावयाची आंघोळ अकोल्याच्या दप्तरात जाते. न लिहावं तर खोटं. मी आजवर कोर्टाची पायरी चढलेलो नाही, आणि म्हातारपणी एका न्हाणीपायी चढेन की काय, या विचारानं मी तो अर्ज दोनदा घडी घालून दोनदा उलगडला.

बरं, कसंही केलं तरी सापडते ती आशाच. पैसे घेतले तर कधी घरात शब्दाला शब्द लागला की कोणी म्हणेल, तुझ्या बापाचं घर आम्ही शाकारलं. (विहीणबाई म्हणणार नाहीत. पण वाक्य इतकं सोयीचं आहे की माझ्याच तोंडात येतं.) नाही घेतले तर जावयाचा धंदा माहेरच्या गावानं बुडवला, हेही तिनंच ऐकायचं. एकुलती लेक आहे, शेषरावजी. तिला तिथे मान खाली घालावी लागू नये, एवढ्यासाठी मी छपराचे दगड काढले, आणि त्या दगडांनीच हे आणलं.

तेव्हा पूर्ण विचारांती मी ठरवलं आहे की अर्ज करायचा नाही. हा निश्चय पक्का आहे. मृग तोंडावर आला आहे, पण खोलीचा एक कोपरा अजून झाकलेला आहे. आम्ही दोघं तिथे सरकून बसू, बाकीची खोली पावसाला. जावईबापूंची समजूत आपण घालावी. विहीणबाईंना गोजरबाईचा नमस्कार सांगावा. लिहिण्यात काही कमीजास्त झालं असेल तर चौथीच्या मास्तरांना दोष द्यावा, मला देऊ नये.

आपला,
निवृत्ती

ता. क. – अर्ज याच पाकिटात घातला आहे, सहीसकट. प्रश्नाच्या पुढे खरं तेच लिहिलं आहे, फक्त ‘जावई’च्या जागी ‘एक थोर पाहुणे’ असं घातलं आहे. निश्चय का बदलला ते पुढच्या ता. क. मध्ये सांगतो, कारण ते लिहू नये अशी मला ताकीद आहे.

दुसरा ता. क. – आशाला दिवस गेले आहेत. गोजरबाई आत्ता कानात सांगून गेली. मार्गशीर्षात होईल म्हणते. ही बातमी आशा स्वतः विहीणबाईंना देणार आहे, तेव्हा आपण इथलं वाचलं नाही असं समजावं आणि शनिवारी नव्यानं ऐकून आनंद करावा. आता माझी खरी विनंती. नातवंड झालं की आम्हाला आपल्या घरचं पाणी चालतं. पाणी चालतं तर टिनं का चालू नयेत? म्हणून अर्ज आत्ताच जावा, साहेबानं आत्ताच येऊन पाहावं, पण पैसे कंपनीनं मार्गशीर्षापर्यंत स्वतःजवळ ठेवावेत, असं आपण जावईबापूंना सांगावं. मी सांगितलं तर बातमी कोणी फोडली ते त्यांना कळेल.

तिसरा ता. क. – उकंडराव म्हणतो कंपनी इतकी थांबत नसते. नसेल थांबत तर ते पैसे आपणच ठेवून घ्यावेत, बारशाला आलो की नेऊ. तोवर पावसापुरती आपल्या खळ्यावरची ताडपत्री एस.टी.च्या टपावरून पाठवावी. उसनं घेणं म्हणजे घेणं नव्हे, आणि खळं आपल्या नावावर आहे, लेकीच्या नाही. तरी गठ्ठ्यावर नाव उकंडरावाचं घालावं, म्हणजे गोजरबाईला कळणार नाही. (तो ती वासरावर घालेल ही चिंता आहेच, पण ती माझ्याकडे राहू द्या.)

आणखी एक. पाकीट चिकटवता चिकटवता माझ्या मनात आलं की रीत नातवाची आहे की नातीची, ते वडिलांनी काही सांगून ठेवलेलं नाही. नात झाली तर? गोजरबाईला विचारलं. ती म्हणाली, ‘नात झाली तं मी दोन लोटे पीन.’