डोंगरउतारावरच्या सात एकर रानाविषयी

मी, मनुबाई, कै. सुभेदार हंबीरराव डुबल यांची मुलगी, वय त्रेसष्ट, मुलींच्या शाळेची निवृत्त मुख्याध्यापिका, राहणार सांगली, स्वखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते की, माझे गुडघे गेले आहेत, बुद्धी शाबूत आहे. कोणाला शंका असेल तर त्याने माझ्या हयातीतच समोर येऊन विचारावे.

१. सांगलीचे राहते घर पुतण्या नानासो यास द्यावे. मात्र कलम ४ची अट पाळल्यावरच. पुस्तके शाळेस द्यावीत. तिथे ती कोणी उघडील अशी आशा नाही.

२. शिराळा भागातील डोंगरउतारावरचे माझे सात एकर रान नानासोला मिळणार नाही. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, मोटारी लाकडी कोळशाच्या गॅसवर चालू लागल्या आणि हा कोळशाच्या मक्तेदाराला घेऊन घरी आला. म्हणे, "आत्याबाई, झाडं तेवढी जातील. जमीन कुटं जातीया?"

जमीनच जाते. कुजका पाला उचकटला की खाली पांढरे तंतू दिसतात. ती बुरशी. ती पाला कुजवते आणि त्यातले सत्त्व मातीला परत देते. दुसरी एक, डोळ्यांना न दिसणारी, मुळांत शिरून झाडाला लांबचे अन्न पोहोचवते. झाड हवेतल्या कर्बापासून केलेली साखर तिला देते. त्यातला बराच कर्ब मातीत मुरून राहतो. झाडे तोडून ऊन आत घेतले की हा सारा संसार मोडतो. यावर नानासो म्हणाला, "बुरशी तर लोणच्यावर पण येती." याला मी शिकवले, याची लाज वाटते.

३. हे रान म्हसवडकडच्या धुळा मेंढपाळाची बायको हरणाबाई हिला द्यावे. पोस्टातली शिल्लक कुंपणाला लावावी. कारण लिहिते. रानाच्या उघड्या कोपऱ्यात मी जांभूळ आणि हिरड्याची रोपे लावली. मी शिकले त्या कॉन्व्हेंटातल्या नन्सनी स्वच्छता अंगात भिनवलेली. कीड नको म्हणून खड्ड्यांत घालायची माती मी कढईत भाजून घेतली. रोपे पिवळी पडली. हरणाबाई दर दिवाळीनंतर मेंढरांबरोबर कोकणात उतरताना रानाशेजारी मुक्काम करायची. तिने जुन्या झाडांखालची माती ओच्यात आणली आणि खड्ड्यांत घालू लागली.

"आवं बाई, भाजल्याल्या मातीत झाड कसं जगंल? त्याला सोबत लागती."

मी म्हणाले, "तुझे घाणेरडे हात काढ."

निम्मे खड्डे व्हायचे होते. तिने ओचा झटकला आणि गेली.

तिने माती घातलेली रोपे आज माझ्या खांद्याला लागतात. उरलेली सगळी मेली. तीन दिवाळ्या झाल्या, तिची मेंढरे दुसऱ्या वाटेने जातात. मी दर कार्तिकात तिथे जाऊन बसते. तिच्या चुलीचे तीन दगड मी कोणाला हलवू दिलेले नाहीत.

४. नानासोने म्हसवडला सिद्धनाथाच्या जत्रेत तिला शोधावे आणि चार लोकांत मोठ्याने सांगावे, "मनुआत्याचं चुकलं. तुमची माती लागू पडली." ती हसेल. हसू द्यावे, मध्ये बोलू नये. मला ते हसू ऐकायचे होते.

सही: मनुबाई हंबीरराव डुबल
साक्षीदार: भाऊसो पाटणकर, वकील
आकाराम मोहिते, पोस्टमन
सांगली, ता. ६ जानेवारी १९४४