वजाबाकीचं उलटं झाड

सोलापूर, १२ मार्च १९७६

संध्याकाळी अण्णांना माझ्या प्रोग्रामची आकृती दाखवली. संगणक गणित वाचून त्याचं झाड करतो, प्रत्येक चिन्हाखाली त्याचे आकडे. अण्णांनी जन्मभर शाळेत व्याकरण शिकवलं. 'दहा वजा चार वजा तीन'वर त्यांचं बोट थांबलं.

"आधी खालचं सोडवायचं ना? मग चारातून तीन आधी जातायत की. उत्तर नऊ येतंय."

तीन यायला हवं. दहा वजा चार वजा तीन, एवढं साधं! प्रोग्रामची छिद्रं पाडलेली कार्डं कालच माझ्या कॉलेजच्या सरांबरोबर मुंबईला गेली, तिथल्या संगणकावर चालवायला. सरांनी न तपासता, माझ्या शब्दावर प्रोग्राम बरोबर असल्याची सही केली होती. गप्प राहिले तर? कदाचित कळणारही नाही कुणाला.

"सर काय म्हणतील?" मी विचारलं.

"रागावतील की," अण्णा म्हणाले आणि तारेचा मजकूर माझ्याकडूनच लिहून घेतला: कार्डं चालवू नका, चूक माझी आहे.